आकड्यांत आलेल्या चार ओळी

गजानन, तू बुधवारी गेलास. मला गुरुवारी कळलं. शुक्रवारी मी अमरावतीला आलो तेव्हा तुझ्या घरासमोर सतरंजी अंथरलेली होती आणि माणसं बसली होती. मीही बसलो. काही वेळानं वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, उशीर केला तुमी." मी हो म्हणालो.

आपल्या पेपरानं तुझ्यावर लिहून मागितलं आहे. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तू कुठं कुठं नोकरी केलीस, हे कार्यालयातला एक जण लिहितो आहे आणि तो ते नीट लिहील. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. समोर बसून बोलणं आपल्याला इतकी वर्षं जमलं नाही, निदान आता तू मध्येच उठून पान खायला जाणार नाहीस.

मला मास्तर हे नाव तूच दिलंस. मी कधी शाळेत शिकवलं नाही. मी कार्यालयात आलो त्या पहिल्याच आठवड्यात अण्णांच्या अग्रलेखातली एक चूक त्यांना दाखवली. संपादकाला चूक दाखवणारा नवा पोरगा पाहून सगळे गप्प झाले. तू तेवढा हसलास. "अण्णा, हा मास्तर हाये. याले छडी द्या एक." अण्णाही हसले आणि माझी नोकरी राहिली. ती नोकरी मुळात तुझ्याच शब्दावर मिळाली होती. माझ्या गावात तू मामाकडे सुट्टीला यायचास. गावचा भाचा म्हणून तू सगळीकडे फिरायचास, आमच्या वस्तीतही. माझ्या धाकट्या भावाला, नामदेवाला, मामाच्या झाडाचे पेरू आणून द्यायचास. पुढं मी मॅट्रिक होऊन अकोल्यात हिंडत होतो तेव्हा मोर्णेच्या पुलावर तू भेटलास आणि हाताला धरून अण्णांपुढं नेऊन उभं केलंस.

खोलीचंही तसंच. जुन्या शहरात मी जिथं विचारीन तिथं खोली रिकामी असायची आणि मी नाव-गाव सांगितलं की ती नुकतीच दिलेली असायची. शेवटी तू बरोबर आलास. घरमालक माझ्याकडे पाहून काही बोलणार तेवढ्यात म्हणालास, "दोघं राहू आमी. भाडं मी देईन. आता बोला." आणि नुसतं म्हणाला नाहीस, वर्षभर खरंच राहिलास. आपण एका माठातलं पाणी पीत होतो. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

टेलिप्रिंटर आला तेव्हा अर्धं जुनं शहर बघायला आलं होतं. बोटं कोणाचीच नाहीत आणि अक्षरं उमटतात, कागद आपोआप वर सरकतो. लोकांना ते यंत्र बातम्या लिहितं असं वाटायचं. ते काय लिहितं हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. निम्मा कचरा. बातमीच्या डोक्यावर खुणांच्या ओळी. मध्येच घंटी वाजायची, तिची खूण कागदावर. पलीकडच्या माणसाची चूक झाली की तो ओळभर एक्स मारून तोच शब्द पुन्हा टंकायचा. एकाच बातमीचा पहिला तुकडा दुपारी, दुसरा दिवे लागल्यावर, मध्ये संसद, क्रिकेट आणि मुंबईचा कापसाचा भाव. या सगळ्यातून बातमी बाहेर काढायची आणि मग तिचं मराठी करायचं. आपण त्या कामाला निवडणं म्हणायचो. बाया सुपात तूर निवडतात तसं. "काय मास्तर, निवडून झाली का?" तू पलीकडून विचारायचास. "खडे लई हायेत," मी म्हणायचो. तुझ्याशी बोलताना माझी भाषा गावची व्हायची.

सगळ्यात वाईट खडा आकड्यांचा. त्या यंत्रात अक्षरं आणि आकडे एकाच कळीवर होते. 'आता आकडे' असा एक इशारा तारेवरून यायचा, 'आता अक्षरं' असा दुसरा. वाऱ्यानं तारा हलल्या की दुसरा इशारा मध्येच हरवायचा आणि यंत्र अक्षरांच्या जागी आकडे, कंस आणि स्वल्पविराम छापत सुटायचं. पहिल्यांदा असा परिच्छेद आला तेव्हा अण्णा म्हणाले, फेकून द्या. तू फेकला नाहीस. यंत्राच्या कळी कागदावर उतरवून घेतल्यास आणि आपण दोघं ताडून पाहत बसलो. टीच्या जागी पाच, ओच्या जागी नऊ, ईच्या जागी तीन. महिन्याभरात आपल्याला तक्ता लागेनासा झाला. तू तर माझ्याही पुढं गेलास. कागद फाडता फाडता, उभ्यानं, तू आकड्यांची ओळ इंग्रजीसारखी घडाघडा वाचायचास. नवं कोणी कार्यालयात आलं की अण्णा तुला ती करामत करायला लावायचे. उलटही व्हायचं. एकदा कापसाचा भावच अक्षरांत आला. अडत्याचा माणूस भाव विचारायला आला तर तू चेहरा न हलवता म्हणालास, "आज टी वाय ई निंगाला." तो बिचारा ते घोकत बाजारापर्यंत गेला.

आणि आपला नियम. एकानं निवडायचं, दुसऱ्यानं बघायचं. जे काढायचं त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. दुसऱ्याच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एक शब्दही गळायचा नाही. हा नियम कोणी लावून दिला नव्हता, आपल्यातच ठरला. मला त्याचा फार अभिमान होता. गावी गेलो की मी नामदेवाला सांगायचो. नामदेव वस्तीत कडुनिंबाखाली आपला पेपर मोठ्यानं वाचायचा आणि सगळी वस्ती ऐकायला बसायची. मी त्याला म्हणालो होतो, आमच्याकडे दोघांनी पाहिल्याबिगर काहीच गळत नाही. हे मी का सांगितलं, असं आता वाटतं.

धर्मांतरानंतर वस्तीनं मेलेली जनावरं ओढणं बंद केलं आणि गावानं आमची विहीर बंद केली. विहीर सरकारी होती, पण दोर गावाच्या हातात होता. गाव म्हणजे तुझे मामा, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. आपण त्याबद्दल बोलायचो नाही. आई नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायची. वाळू उकरायची, पाणी पाझरेपर्यंत बसायची, वाटीनं घागर भरायची. नामदेवानं सगळ्यांचे अंगठे घेऊन अकोल्याला अर्ज दिला होता आणि वस्ती हुकुमाची वाट पाहत होती.

त्या रविवारी मला कणकण होती. तू माझ्या कपाळावर हात ठेवलास. "आंग तापून राहिलं तुयं. जाय घरी. आज मी एकटाच निवडतो." मी म्हणालो, "दुसरा डोळा?" तू म्हणालास, "एका दिवसानं काय होते?" मी गेलो. त्या वेळी कागदावर ती बातमी आलेली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. हात मायेचा होता की मला तिथून काढायचा होता, हे मी रोज वेगवेगळं ठरवतो.

सोमवारच्या आपल्या पेपरात आतल्या पानावर आलं, की अमुक गावी पाण्यावरून किरकोळ बाचाबाची झाली असून आता शांतता आहे. बस. मी तापात होतो, पेपर पाहिला नाही. सोमवारी संध्याकाळी तू खोलीवर आलास. संत्री आणली होतीस. सोलून, बिया काढून, एकेक फोड माझ्या हातावर ठेवलीस. मी गावचं काही कळलं का म्हणून विचारलं. तू म्हणालास, "काही नाही. तू झोप."

बुधवारी मी कामावर आलो. सवयीप्रमाणं बाहेरचे पेपर चाळायला घेतले आणि नागपूरच्या सोमवारच्या पेपरात तीच बातमी पाहिली. आपल्यापेक्षा चार ओळी जास्त. विहीर सर्वांना खुली करण्याचा हुकूम झाला असून मंगळवारी सकाळी तहसीलदार स्वतः पोलीस घेऊन विहिरीवर हजर राहतील, वस्तीच्या लोकांनी येऊन पाणी भरावं.

मंगळवार होऊन गेला होता.

मी तारेत खोवलेले कागद काढले. रविवारचा कागद सापडला. त्या चार ओळी आकड्यांत आल्या होत्या. त्यावर तुझी एकच सरळ रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. मी उभ्यानं वाचल्या. वॉटर हा शब्द 2-534 असा उमटायचा, तो दोनदा होता. तुझा चहा निवायच्या आत माझं वाचून झालं.

मी कागद तुझ्यासमोर ठेवला. तू पाहिलास आणि म्हणालास, "आकड्यात आल्या होत्या रे. घाई होती. कचरा समजून काढल्या." मी म्हणालो, "तू?" एवढंच. तू मान खाली घालून दुसरी बातमी निवडायला लागलास. मी अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणाले, "मास्तर, चुकीचं छापलं तर शुद्धिपत्र देतात. न छापल्याचं कसं देणार?" त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

मी त्याच दुपारी हिवरखेडपर्यंत एस.टी.नं आणि पुढं पायी गेलो. मंगळवारी काय झालं ते मला बाबांनी सांगितलं. सकाळी पोलिसांची जीप गावात आली. वस्तीला वाटलं, अर्ज दिला म्हणून धरायला आले. सगळ्यांनी दारं लावून घेतली. तहसीलदार दुपारपर्यंत विहिरीजवळ खुर्ची टाकून बसला. तुझ्या मामांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "पाहा साहेब, कोनाचीच तक्रार नाही." पाणी भरायला कोणी आलं नाही असं त्यानं लिहून घेतलं आणि जीप गेली. विहीर पुढं वर्षभर बंद राहिली. दोन उन्हाळे आईनं वाळू उकरली.

आदल्या दिवशी वस्तीत बोलणं झालं होतं. कोणी म्हणालं, हुकूम निघाला असं तेल्हाऱ्यात ऐकलं. बाबा म्हणाले होते, "निंगाला असता तं पेपरात आला असता. आपला पोरगा पेपरात हाये." आणि नामदेवानं पेपर पुन्हा वाचून दाखवला होता. किरकोळ बाचाबाची, आता शांतता.

मी नामदेवाला सगळं सांगितलं. यंत्र, आकडे, ताप, तू. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दोघांनी पाहिल्याबिगर काही गळत नाही, असं कोन म्हने?" मी म्हणालो, त्या दिवशी मी नव्हतो. तो म्हणाला, "बराबर त्याच दिवशी नव्हता." आणि उठून गेला. त्या उन्हाळ्यातच त्यानं गाव सोडलं.

गजानन, मामाला तू वाचवलंस हे मला समजतं. आई गेल्यावर त्यांनी तुला शहरात वसतिगृहात ठेवून वाढवलं, शिकवलं. माझ्यावर अशी वेळ आली असती तर, असा विचार मी केलेला आहे. मी तुला एवढंच म्हणत होतो की नामदेवाकडे चल. त्याच्यासमोर एकदा म्हण की ते वाक्य मी काढलं, याला माहीत नव्हतं. त्यासाठी मामाचं नावही घ्यायला नको होतं. किती वेळा म्हणालो असेन. तू कधी हसण्यावारी नेलंस, कधी चिडलास. एकदा म्हणालास, "मास्तर, मी वाचलंच नव्हतं तं कबूल काय करू?" मी म्हणालो, "बरं, वाचलं नव्हतंस. मग सोमवारी नागपूरचा पेपर वाचलास ना? संत्री घेऊन आलास तेव्हा?" तू पान खायला उठलास. आकड्यांचं मी सोडूनही दिलं असतं. घाई असते, दिवा मिणमिणता असतो, माणसाला एखादी ओळ नाही लागत. पण सोमवारी संध्याकाळी अजून वेळ होता. तू नुसतं बोलला असतास तर मी तापातही गेलो असतो. तू बिया काढत बसलास.

त्यानंतरही आपण त्याच टेबलावर काम केलं, हे लोकांना खरं वाटत नाही. नियमही मोडला नाही. तू निवडायचास, मी बघायचो, मी निवडायचो, तू बघायचास. कागद हातातून हातात जायचा आणि शब्द एक नाही. तुझी एकही रेघ चुकीची नसायची. ते मला जास्त लागायचं. मग तू लग्न करून अमरावतीला गेलास, तिकडच्या छापखान्यात. निघताना माझ्या टेबलावर तुझी दौत ठेवून गेलास. मी ती वापरली नाही आणि टाकूनही दिली नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचं कार्ड आलं म्हणून मी दवाखान्यात आलो. कावीळ झालेला माणूस मी पूर्वीही पाहिला होता, पण तू ओळखू येत नव्हतास. मला पाहून म्हणालास, "या मास्तर. मी शुद्ध हावो का अशुद्ध, तपासून पाह्य जरा." वहिनी हसल्या आणि पाणी आणायला बाहेर गेल्या. मी येताना ठरवून आलो होतो की काही विचारायचं नाही. आजारी माणसाला काय विचारायचं.

तरी विचारलं. "तू त्या ओळी वाचल्या होत्यास का?"

तू डोळे मिटलेस. "मामानं मले लहानाचं मोठं केलं रे."

"मी ते विचारत नाही."

"तू काय विचारून राहिला ते समजते मले."

मी थांबलो. मग म्हणालास, "नामदेव कुठी असते आता?"

"बडनेऱ्याला. रेल्वेत."

"जवळच हाये की मंग. बरा झालो का जाऊ. दोघंही जाऊ. मी सांगतो त्याले."

काय सांगशील हे मी विचारलं नाही. जाऊ म्हणालास एवढ्यानंच मला भरून आलं. तुझ्या उशाशी संत्री होती. मी एक सोललं. तुला खायची मनाई होती, म्हणून मीच खाल्लं आणि आपण जुन्या अडत्याच्या माणसाची गोष्ट काढून हसलो. त्या घटकेला मी तुला माफ केलं होतं, हे खरं सांगतो. अकोल्याला परतताना गाडीत मी नामदेवाशी काय बोलायचं ते जुळवत होतो. तुला धरून आत कसं न्यायचं, पहिल्यांदा कोणी बोलायचं. आणि तू गेलास. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो आहे. तू मला दोनदा तसंच ठेवलंस, एकदा न बोलून आणि एकदा बोलतो म्हणून.

शुक्रवारी तुझ्या घरून परतताना मी बडनेऱ्याला उतरलो. नामदेव सिग्नलच्या केबिनखालच्या बाकावर भाकर खात बसला होता. मला पाहून त्यानं जागा केली. आमचं बोलणं तुटलेलं नाही, फक्त कामापुरतं असतं.

"गजानन गेला," मी म्हणालो.

"मामाचा भाचा?"

"हो."

"काय झालतं?"

"कावीळ."

त्यानं भाकर खाली ठेवली. "वाईट झालं. जवानच होता." थोड्या वेळानं म्हणाला, "पेरू आनून द्यायचा मले."

मी म्हणालो, "नामदेव, तो तुझ्याकडे येणार होता. त्या बातमीचं सांगायला. ते वाक्य त्यानं काढलं होतं, हे तो तुला स्वतःच्या तोंडानं सांगणार होता."

नामदेवानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला चाललं असतं.

"दादा," तो म्हणाला, "मेल्या मानसावर नोको लोटू."

"मी लोटत नाही."

"जित्ता होता तवा आनला असता."

"आणणारच होतो."

"हाव," तो म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

चहा पिऊन होईपर्यंत अकोल्याची गाडी लागली. त्यानं माझी पिशवी डब्यात ठेवून दिली, खिडकीची जागा पाहून दिली आणि तो कामावर गेला.

गजानन, ते वाक्य मी गाळलं असं माझा भाऊ मानतो. ते तू गाळलंस. हे ठाऊक असलेला आता मी एकटा आहे.